मदत हवी आहे: घोडीच्या पायाची जखम भरत नाही, वर लाल मांस आलंय (नागपूर)

हिंगणेकर:
नमस्कार मंडळी. काकांची वरातीची घोडी आहे, तबेला हिंगण्याकडे शेतातच. पोळ्याच्या सुमारास तिच्या मागच्या डाव्या पायाला कुंपणाची तार लागली. सांध्याच्या बरीच खाली, नळीवर पुढच्या अंगाला. तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातून जखम धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन झालं. कडा आत यायला लागल्या होत्या. आता मात्र मधून लाल, दाणेदार मांस कातडीच्या वर आलंय. बोट लावलं तर घोडी हूं की चूं करत नाही, पण चुकून खरारा घासला की रक्त थांबता थांबत नाही. एका कडेला पिवळे बारीक कण दिसून राहिले. माश्या तर हटतच नाहीत.

शिवाय पुढच्या उजव्या खुराला घाण वास येतो. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत काळं चिकट साचतं. लंगडत नाही.

काका म्हणतात मोरचूद लावून मांस जाळू, नालबंद म्हणतो खुरात जळकं ऑइल सोडा. मला दोन्ही पटत नाही, पण घरात "नेटवर वाचलं" चालत नाही. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील. घरी काय करावं, आणि नागपुरात घोडा बघणारे डॉक्टर कुठे भेटतील?

पागेवाला:
बाप्पा, मोरचूद नका लावू. मांस जळतं हे खरं, पण कडेची जी कोवळी कातडी आत सरकत असते तीही जळते, आणि जखम भरते ती त्याच कातडीने. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नाहीत, नुसतं हाड, शिरा आणि ताणलेली कातडी. त्यात सतत हालचाल. म्हणून तिथे मांस कातडीच्या पुढे धावतं आणि कातडीला वर चढता येत नाही. त्या वाढलेल्या मांसात संवेदना नसते, त्यामुळेच तुमची घोडी गप्प उभी राहते. डॉक्टर ते ब्लेडने कातडीच्या पातळीला छाटतात. रक्त भरपूर येतं म्हणून घरी हा उद्योग करू नका.

तोवर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात फिक्कट चहासारखं दिसेल इतकंच. बाटलीतलं जसंच्या तसं ओतलं किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढला तर नवी पेशी मरते. हळद, चुना, रॉकेल यांचं नावही नको. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड थर हवाच. नुसतं क्रेप बँडेज आवळलं की नळीमागची शीर (कंडरा) दुखावते.

खुराचं सोपं आहे. रोज खाच आकड्याने साफ करा, धुवा, पूर्ण कोरडी करा, मग आयोडीन. ऑइलने ओल आत कोंडते, आणि हा वास आणणारा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. उभं राहायच्या जागेवर मुरूम टाका. काळ्या मातीत ठेवून कितीही औषध घाला, वास जायचा नाही.

डबल_चंदी:
पिवळे कण वाचून मला 'बरसाती' नावाच्या घोड्यांच्या जखमेच्या रोगाची शंका येते. पोटातल्या जंताच्या अळ्या लिदीत वाढणाऱ्या माश्या जखमेवर आणून सोडतात, आणि मग कितीही मलम लावा, जखम चिघळत राहते. थंडीत सुकल्यासारखी वाटते, पुढच्या पावसात परत उठते. नुसतं मांस छाटून भागणार नाही, आयव्हरमेक्टिन लागेल. वजन बघून डॉक्टरांनीच द्यावं. लीद रोज लांब टाका. सारकॉइड नावाची गाठही अशीच दिसते, तेव्हा तुकडा तपासायला सांगा.

फुटाळ्याकडचा:
सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथेच न्या. एक्स-रे मागा. तार हाडाला लागली असेल तर हाडाचा पापुद्रा सुटून आत राहतो आणि जखम मिटत नाही. नेणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाचं विचारा.

आणि एक. पायावर एका ओळीत गाठी उठून फुटत असतील, मधासारखा स्राव असेल, नाकातून शेंबूड असेल, तर हात न लावता आधी डॉक्टरांना कळवा. तो ग्लँडर्स रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी एकदा पाय वरून खालपर्यंत नीट बघून घ्या.

पागेवाला:
एक राहिलं. अचानक तो पाय टेकवेनाशी झाली, सांधा सुजला किंवा जखमेतून पिवळसर चिकट पाणी यायला लागलं तर सकाळची वाट बघू नका. ताप गुदद्वारातून मोजा, ३८.५ सेल्सिअसच्या वर नको. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या काकांच्या हाती लागू देऊ नका.

हिंगणेकर:
सगळ्यांचे आभार. गाठी नाहीत, बघितलं. काकांना पागेवाल्यांचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, "कोण आहे हा?" एवढंच म्हणाले, पण मोरचूद कपाटात गेलं. मुरूम उद्या येतोय. सोमवारी सेमिनरी हिल्सला न्यायचं ठरलं. आता अडचण गाडीची. छोटा हत्ती तिला अपुरा पडेल, आणि दुखऱ्या पायाने उडी मारून चढवायची नाही. हिंगणा किंवा वाडीकडे कोणाकडे उतरता फळा असलेली गाडी आहे का? भाडं देतो.