मदत हवी आहे : झेंडू, पिटुनियाची रोपं ट्रेमधून कुंडीत कधी हलवू?

मंडळी, जरा लवकर सांगा, रोपं थांबायला तयार नाहीत. ठाण्यात चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, ऊन साडेदहापर्यंत, मग समोरच्या टॉवरची सावली. नवरात्रात ट्रेमध्ये बिया टाकल्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत. बुटका फ्रेंच झेंडू, पिटुनिया आणि नास्टर्शियम. झेंडूला चार-पाच खरी पानं (पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) आलीत पण देठ काडीसारखे लांबलेत आणि सगळे ग्रिलकडे माना वाकवून उभे. पिटुनिया एवढीशीच आहे, हात लावायची भीती वाटते. आणि खरी अडचण म्हणजे कोपऱ्यातल्या खणांतली पिटुनिया काल संध्याकाळी टवटवीत होती नि आज सकाळी आडवी, बुडाशी देठ दोऱ्यासारखा बारीक नि तपकिरी झालेला, वरची पानं मात्र हिरवीगार. पाणी कमी पडलं म्हणावं तर कोकोपीट ओलंच होतं. बाकीची वाचवायची तर लगेच कुंडीत हलवू की मोठी होऊ देऊ? लांबलेल्या झेंडूचं काय करू, उपटून परत पेरू का? कुंड्या आठ इंची आहेत, घरात दह्याचे डबे पण भरपूर साठलेत.

प्रतिसाद :
ती मर आहे, रोपं कोलमडणं म्हणतात ती. ओल्या मातीतली बुरशी देठ बुडाशी खाते, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. मेलेली रोपं आजूबाजूच्या कोकोपीटसकट काढून टाका, कंपोस्टात नको. दोन दिवस वरून पाणी बंद, ट्रे खालून ताटलीत ठेवून पाणी प्यायला द्या आणि उरलेलं ओतून टाका. कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं, त्यात बरेच जण फसतात. बोट घालून बघा. वारा खेळता हवा, ट्रेवर प्लास्टिक असेल तर काढा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिळालं तर पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्या, पण ते आधी द्यायचं औषध आहे, आडवं पडलेलं रोप काही उठत नाही.

प्रतिसाद :
दादा, झेंडू अजिबात उपटू नका! झेंडूच्या देठाला मातीत गाडलं की मुळं फुटतात. पहिली दोन गुळगुळीत पानं असतात ना, बीजपत्रं, तिथपर्यंत खोल लावा, लांबलेपणा मातीतच जाईल. आठ इंचीत एकच रोप, फार तर दोन. नीट धरलं की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात, फुलं थोडी उशिरा येतात पण झाड भरतं. आमच्या सासूबाई शेंडा खुडताना बघून कळवळायच्या, आता त्याच खुडतात.
पिटुनियाला मात्र हा खोल लावायचा प्रकार करू नका, ट्रेमध्ये जेवढी होती तेवढ्याच पातळीला. तीन-चार खरी पानं येईपर्यंत थांबा आणि आधी दह्याच्या डब्यात. बुडाला भोकं पाडा, नाहीतर परत तीच मर. एवढंसं रोप थेट मोठ्या कुंडीत टाकलं तर भोवतीची माती दिवसेंदिवस ओली राहते.

प्रतिसाद :
नास्टर्शियमबद्दल कोणी बोललं नाही. त्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत, लहान आहे तोवर खणातला अख्खा गोळा उचलून कायमच्या कुंडीत ठेवा आणि पुढच्या वेळी बी सरळ कुंडीतच टोचा. शेणखत भसाभस घालू नका, पानंच पानं येतील, फुलं रुसतील.
हलवायची पद्धत: आदल्या रात्री पाणी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गोळा सुटत नाही. उचलताना पान धरा, देठ नाही. पान तुटलं तर नवीन येतं, देठ चेपला की रोप गेलं. आईस्क्रीमची काडी खालून घालून उचला. काम संध्याकाळी करा. ऑक्टोबरचं ऊन आहे, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मग सकाळच्या उन्हात. पहिल्या दिवशी मान टाकली म्हणून घाबरून पाणी ओतत बसू नका.

मूळ प्रश्नकर्ता :
धन्यवाद सगळ्यांना! आडवी रोपं काढली, बाकीची अजून उभी आहेत. कुंडीत बागेची लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट समान घेतोय. ऊन एवढंच आहे ते पुरेल का? आणि नीमपेंड घालून लगेच लावलं तर चालेल?

प्रतिसाद :
माती जड वाटली तर थोडी जाड वाळू घाला. नीमपेंड कुंडीला मूठभरच, आणि मिसळून ओलसर करून आठवडाभर तशीच ठेवा, कच्ची पेंड कुजताना गरम होते. झेंडूला पाच-सहा तास ऊन मिळालं तर उत्तम. तुमच्याकडे त्याला ग्रिलच्या बाहेरच्या कडेला जागा द्या. पिटुनियालाही ऊनच हवं, पण नवीन लावलेली एकदम कडेला नको.