पेट्रोल वाचवणारा एअर व्हॉल्व्ह: गाडीला बसवावा का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगली-पुणे येणं-जाणं सतत चालू असतं. गाडी 2014 ची, पेट्रोल. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज उतरलंय, आणि हा नुसता माझा समज नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच अंदाज दिला होता की साध्या पेट्रोलसाठी बनवून ई10 ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल. त्याची भरपाई आपली आपणच करायची म्हणून एअर व्हॉल्व्हचा विचार करतोय.

वस्तू अंगठ्याएवढी, पितळी. एका तोंडाला स्पंजचा फिल्टर, आत स्प्रिंग आणि गोळी. थ्रॉटलच्या पलीकडे मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीला) जाणारा एखादा व्हॅक्यूम पाइप कापायचा, मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकायची आणि तिला हा व्हॉल्व्ह जोडायचा. इंजिनाची ओढ वाढली की गोळी उचलते आणि जादा हवा आत शिरते. पाकिटावर 15-20 टक्के बचत लिहिलीय. तेवढी होणार नाही हे मलाही कळतं, पण निम्मी झाली तरी ई20 चा खड्डा भरून निघतो. चुलतभावाने बसवलाय, तो खूश आहे. माझं मत बसवावा असंच आहे. विरोध असेल तर कारण देऊन सांगा.

पाना_पक्कड

दादा, नका बसवू. व्हॅक्यूम पाइपला चीर गेली की नेमकं हेच होतं, आणि तसल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. आयडलिंग वर-खाली, सिग्नलला गाडी थरथरते, कधी चेक लाइट. मग आम्ही इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर कार्ब क्लीनरचा फवारा मारत बसतो. जिथे फवारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथून हवा ओढतेय, हे कळतं. जो बिघाड शोधून बंद करायचे गिऱ्हाईक पैसे देतं, तो तुम्ही विकत घेऊन बसवणार.

दुसरं म्हणजे धूळ. कंपनीच्या एअर फिल्टरची घडी उलगडली तर हातभर लांब कागद निघतो. तुमच्या व्हॉल्व्हला नखाएवढा स्पंज. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडचे रस्ते कसे असतात ते मी सांगायला नको. तो मुरूम बोअरमध्ये गेला की रिंगा घासतात, गाडी ऑइल खायला लागते. तेव्हाचा खर्च धरा.

आणि काहीही करा, पण ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या, पाइपला टी मारू नका. हाताला सापडतो म्हणून बरेच जण तोच कापतात. बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. ओढ कमी पडली की पॅडल दगडासारखं लागतं.

जुनी_फियाट

पाना_पक्कड, तुमचा अनुभव मान्य, पण ही वस्तूच फसवी आहे हे मान्य नाही. आमच्या पद्मिनीला असा व्हॉल्व्ह होता आणि त्याने पेट्रोल वाचत होतं. कसारा उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन जोरात ओढायचं. कार्बोरेटरला त्या ओढीतलं काही कळत नाही, आयडलच्या जेटमधून पेट्रोल येतच राहायचं. गाडी उतारावर स्वतःच्या वजनाने पळतेय आणि आत पेट्रोल जळतंय! व्हॉल्व्ह उघडला की ओढ मोडायची आणि ते पेट्रोल थांबायचं. सायलेन्सरमधले फटफट आवाजसुद्धा गेले होते. तेव्हाचे मेकॅनिक खुळे नव्हते.

मोजमाप

जुनी_फियाट काका, तुम्ही सांगितलेलं अक्षरशः खरं आहे, आणि म्हणूनच ते 2014 च्या गाडीला लागू पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला आणि फेरे आयडलच्या बरेच वर असले की ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो. उतारावर पेट्रोल शून्य. शून्यातून वाचवणार काय? उलट त्या वेळी आत हवा सोडली तर इंजिन ब्रेकिंग कमी होतं. खंबाटकी किंवा आंबेनळी उतरताना ते हवं असतं.

आता सपाट रस्त्याचं बघू. कृष्णाकाठ म्हणतात जादा हवा जाते. मुळात पेट्रोल इंजिनात हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आधीच आहे. त्याचं नाव थ्रॉटल, आणि तो तुमच्या पायाखाली आहे. ताशी 80 ने जायला इंजिनाला ठरावीक ताकद लागते, आणि त्या ताकदीला ठरावीक हवा-पेट्रोल. बाजूने थोडी हवा शिरली तर तुमचा पाय नकळत तेवढाच वर येतो. मांडवाला दुसरं दार काढलं म्हणून पंगतीची पानं कमी होत नाहीत, तसं हे आहे. लोकांना जो ‘पिकअप सुधारला, पाय हलका पडतो’ असा अनुभव येतो तो खोटा नसतो. पॅडल कमी दाबूनही तेवढीच हवा जाते, म्हणून तसं वाटतं. पेट्रोल मात्र तेवढंच लागतं.

ते तेवढंच का, हेही सांगतो. बहुतेक छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. व्हॉल्व्हमधून हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं चालकाने थ्रॉटल उघडला, आणि तो त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. काही गाड्यांत आत येणारी हवाच मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो. तिथे ही चोरवाटेची हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं. पण सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर ते लगेच पकडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवून मिश्रण पुन्हा जागेवर आणतो. साध्या पेट्रोलला एका भागामागे वजनाने 14.7 भाग हवा, हे ते प्रमाण. व्हॉल्व्ह काहीही करो, ईसीयू पुन्हा तिथेच येऊन थांबणार.

ई20 मुळे तर ही वस्तू आणखीच चुकीची ठरते. इथेनॉलला एका भागामागे 9 भागच हवा पुरते, म्हणजे ई20 ला साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या जुळवणीच्या गाडीत ईसीयू आधीच पेट्रोल वाढवून हे सांभाळतोय. त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा असते. त्यात आणखी हवा सोडली तर तो मर्यादेला टेकतो आणि ‘मिश्रण पातळ’चा पी0171 कोड येऊन चेक लाइट लागतो. ज्या कारणासाठी तुम्ही व्हॉल्व्ह बसवताय, त्याच कारणासाठी तो बसवायचा नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक ओळ: डिझेल इंजिन कायमच गरजेपेक्षा जास्त हवेत चालतं, तिथे या वस्तूला कामच नाही.

घाटवाट

मी टुरिस्ट गाडी चालवतो, पुस्तकातलं मला कळत नाही. माझ्या गाडीला व्हॉल्व्ह आहे. बसवल्यापासून ॲव्हरेज वाढलंय आणि पीयूसीत सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडाही खाली आलाय. म्हणजे जळण चांगलं होतंय, नाहीतर मशीन खोटं बोलेल का? दिवसभर स्टिअरिंगवर असणाऱ्याला लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढला तरी महिन्याला घरात फरक दिसतो. तुम्ही मंडळी सगळंच कसं नाही म्हणता?

मोजमाप

घाटवाट दादा, मशीन खोटं बोलत नाही, पण ते सगळंही सांगत नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. मिश्रण जरा पातळ झालं की सीओ उतरतो आणि नेमकी हीच ऑक्साइडं वाढतात. सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ती काढून टाकतो, पण मिश्रण नेमक्या प्रमाणात असेल तेवढ्यापुरतंच. हवा थोडी जास्त झाली की त्याचं ते काम थांबतं.

ॲव्हरेजचं म्हणाल तर टाकी फुल ते टाकी फुल हा हिशेब लहान फरकासाठी भरवशाचा नाही. एका पंपावर नोझल लवकर तुटतं, दुसऱ्यावर भरणारा वरून आणखी टाकतो. एवढ्यात दोन-तीन टक्के सहज इकडचे तिकडे होतात. शिवाय नवी वस्तू बसवली की माणूस बचत बघायला म्हणून जपून चालवतो. बचत खरी असते, फक्त ती पायाची असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी 100 हून जास्त बचत-उपकरणं तपासली. त्यातल्या एकानेही ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ केली नाही, आणि काहींनी धूर वाढवला.

तळेगाव_शिफ्ट

मोजमाप यांची मांडणी पक्की आहे, तरी एक बाजू राहतेय. पातळ मिश्रणावर पेट्रोल वाचतं, हे शास्त्र आहे. अर्धा थ्रॉटल मिटलेला असताना इंजिनाची बरीच ताकद हवा ओढण्यातच जाते. हवा मोकळी सोडली की ती वाया जाणारी ताकद वाचते. होंडाचं सीव्हीसीसी इंजिन 1975 साली अमेरिकेत कन्व्हर्टरशिवाय नियमांत बसलं ते पातळ मिश्रणाच्या जोरावर. मित्सुबिशीने 1996 साली जीडीआय आणलं तेही याच वाटेने. तेव्हा ‘जादा हवेने काही होत नाही’ असं सरसकट म्हणू नये. कल्पना बरोबर आहे, अंमल अवघड आहे.

मोजमाप

पूर्ण सहमत, आणि अंमल किती अवघड ते बघा. सीव्हीसीसीत ठिणगीजवळ दाट मिश्रणाचा वेगळा छोटा कप्पा होता. जीडीआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. म्हणजे पातळ मिश्रण पेटावं म्हणून अख्खं इंजिन नव्याने आखलं. इथे आपण एका पाइपला भोक पाडतोय. ती हवा चारही सिलिंडरना सारखी वाटली जाईल याचीही खात्री नाही. टी ज्या बाजूला, तिथला सिलिंडर जास्त पातळ. ऑक्सिजन सेन्सर चौघांची सरासरी बघतो, एकट्याची अडचण त्याला दिसत नाही.

कलम_कानू

मोटार वाहन कायद्याचं कलम 182अ, पोटकलम 4 वाचून ठेवा. नियमात न बसणारा बदल किंवा जोड मालकाने केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीत हे आलं. सीएनजी किट मान्यताप्राप्तच का घ्यायचं, तेही यावरून कळेल.

जुनी_फियाट

अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हसाठी बॉनेट उघडून कोणी दंड करणार नाही. कायद्याची भीती घालण्यापेक्षा मोजमाप यांचं कारण जास्त पटण्यासारखं आहे. माझं म्हणणं कायम आहे: कार्बोरेटरच्या गाडीला हा व्हॉल्व्ह उपयोगी होता आणि आजही आहे. ज्यांनी जुन्या गाड्या सांभाळल्यात त्यांनी बेधडक बसवावा, फिल्टर मात्र चांगला लावावा.

पाना_पक्कड

काका, तिथेही सांभाळून. कार्बोरेटरच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर नसतो, सांभाळणारं कोणी नाही. ई20 वर ती आधीच पातळ चालते, वर हवा दिली की मिसिंग होते आणि इंजिन तापतं. आधी मिक्श्चरचा स्क्रू सोडून बघा, जेट बदलून बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. तरी मला एकदा बसवून बघायचाच आहे. वस्तू दोन-अडीच हजाराची, नाही पटली तर काढून टाकीन. ब्रेकच्या पाइपला हात लावणार नाही. पण फरक पडला की नाही हे टाकीवरून कळणार नसेल तर कशावरून ठरवू?

मोजमाप

ओबीडीच्या (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचा, आकडा बघा. व्हॉल्व्हआधी काही दिवस, नंतर काही दिवस, रस्ता आणि वेग तोच. आकडा वर चढला तर ईसीयू तुमच्या हवेसाठी जास्त पेट्रोल ओततोय. आकडा हलला नाही आणि दाब तेवढा वाढलेला दिसला, तर तुमचा मॅप सेन्सर आधीच हिशेब करून मोकळा झालाय. व्हॉल्व्ह कधी चालू आणि कधी बंद हे चालवणाऱ्याला माहीत नसावं. घरच्या कोणाला तरी व्हॉल्व्हचं तोंड बांधायला सांगा.

पाना_पक्कड

त्याआधी दोन गोष्टी, फुकटातल्या. गाडी गरम झाली की तापमानाचा काटा मधोमध येतो का बघा. आपल्याकडे गाडी तापली की कुणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकतो. मग इंजिन कायम गार, आणि ईसीयू पेट्रोल जास्त देत राहतो. तसं असेल तर नवा थर्मोस्टॅट टाका, ॲव्हरेजमध्ये फरक दिसेल. दुसरं, चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. एखादा ब्रेक धरून असला तर चाक जड जाईल.

आणि व्हॉल्व्ह काढाल तेव्हा टीला बूच मारून सोडू नका. कापलेला पाइप टाकून द्या, अखंड नवा घाला, दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट करा. रबराचा आहे, शंभर-दीडशेत मिळतो.