डेटाची 'मालकी' म्हणावं की 'ताबा'?

प्रश्न (परभणी): गावात फार्मर आयडीसाठी आधार अन् सातबारा जोडायलेत. ग्रामपंचायतीचा फलक मी लिहितोय. 'तुमचा डेटा तुमच्याच मालकीचा' असं लिहा म्हणतात. 'मालकी' बरोबर आहे का? डेटाला 'विदा' लिहिलं तर गावात कुणालाच कळायचं नाही, तो शब्द बाजूलाच ठेवू.

लातूर: 'मालकी' नको. मालकाला वस्तू विकता येते, दुसऱ्याला मज्जाव करता येतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही. माहिती बघणं, दुरुस्त करून घेणं, पुसायला लावणं, संमती मागं घेणं, तक्रार करणं, साधारण एवढंच. तेही नोव्हेंबर 2025 च्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू. त्यात आपण 'डेटा प्रिन्सिपल'. माहिती कशासाठी अन् कशी वापरायची हे ठरवणारा तो 'डेटा फिड्युशिअरी'. ठरवणारा दुसराच असेल तर मालक कसले? बांधाच्या भांडणात आपल्याला हे पाठ असतं, नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची. 'ताबा' लिहा.

छत्रपती संभाजीनगर: फिड्युशिअरीला 'विश्वस्त' म्हणतात, पण मला तो देवस्थानाच्या पाटीवरचा वाटतो. आपल्याकडे 'अमानत' आहे की. सांभाळायला दिलेली, मागितली की परत करायची वस्तू. तिच्यात हात घातला की खयानत. निजामाच्या काळात कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा, म्हणून म्हाताऱ्यांच्या तोंडी हे शब्द आहेत. खयानतीला कायद्याच्या मराठीत 'फौजदारीपात्र न्यासभंग' म्हटलं तर माणूस उठून जाईल.

लातूर: शब्द झकास. पण अमानत परत केली की ठेवणाऱ्याचे हात रिकामे होतात, डेटाची प्रत मागं राहते.

नांदेड: 'ताबा'च ठीक, फक्त त्याला 'जागा' समजू नका. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवायला सांगितलं, ती जागेची अट. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं क्लाउड कायदा केला. तिथल्या कायद्याखाली येणाऱ्या कंपनीच्या ताब्यातला डेटा कुठल्याही देशातल्या सर्व्हरवर असो, तिथलं कोर्ट तो मागू शकतं. म्हणजे सर्व्हर मुंबईत असला तरी कंपनीला जाब तिकडंच द्यावा लागेल. 'डेटा देशात आहे' याचा अर्थ 'देशाच्या ताब्यात आहे' असा पेपरवाले सर्रास करतात, तो चूक. युरोपनं मे 2018 पासून माणूस धरला: युरोपातल्या लोकांना सेवा विकून त्यांची माहिती वापराल तर नियम आमचा, कंपनी कुठलीही असो.

मराठवाड्याला यात नवल वाटू नये. कुणबी नोंदी धुंडाळायला शिंदे समितीला हैदराबादला जावंच लागलं. माणसं इथली, दप्तर तिकडं.

परभणी: मग फलकावर 'तुमच्या संमतीनं … यांच्या ताब्यात' एवढं लिहितो. मधली जागा कुणाकुणाच्या नावानं भरायची, ते उद्या तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) विचारून घेतो.