जुना सिनेमा, मोठा पडदा : तुम्ही काय पाहिलंत?

डिसेंबर २०२४ मध्ये, १३ ते १५ तारखेला, राज कपूरच्या शताब्दीनिमित्त त्याचे १० चित्रपट ४० शहरांतल्या १३५ थिएटरांत लागले. तिकीट १०० रुपये. त्याआधी जुने चित्रपट जतन करणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२२ मध्ये अमिताभ आणि दिलीपकुमार, २०२३ मध्ये देव आनंद असे महोत्सव केले होतेच. यातले बरेच सिनेमे मोबाइलवर फुकट दिसतात, तरी लोक गेले. परीक्षणं नकोत, ती भरपूर झालीत. थिएटरात काय घडलं ते लिहा.

चेंबूरकर
'श्री ४२०'ला आईला नेलं. राज कपूरच्या आर. के. स्टुडिओच्या फाटकावरून आमची शाळेची बस जायची, तो स्टुडिओ आता विकला गेला, म्हणून हट्टाने गेलो. 'प्यार हुआ इकरार हुआ'मध्ये रेनकोटातली तीन पोरं, राज कपूरचीच, दिसली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "रणधीर, रितू, ऋषी!" सगळे हसले. पण खरी दाद मिळाली केळेवाल्या गंगामाईला. ललिता पवार पडद्यावर आल्या की आमच्या अख्ख्या रांगेत कुजबुज : "आपल्या येवल्याच्या!" कजाग सासू म्हणूनच ओळखणाऱ्यांना ही बाई इतकी मायाळू दिसू शकते याचंच अप्रूप. त्या तेव्हा चाळिशीच्याही नव्हत्या, हे आईने मला दोनदा सांगितलं.

ठाण्याची सूनबाई
देव आनंदच्या महोत्सवात सासूबाईंसोबत 'ज्वेल थीफ'. त्यांनी तो लग्नाआधी पाहिलेला. शेजारी कॉलेजची मुलं. मध्यंतराच्या आधीच सासूबाई माझ्या कानात, म्हणजे त्यांच्या मते कानात, म्हणाल्या, "अगं, खरा चोर कोण माहितीये का..." पुढची दोन डोकी गर्रकन वळली. एक मुलगा हात जोडून म्हणाला, "आजी, प्लीज!" मग त्या शेवटपर्यंत तोंडावर पदर धरून बसल्या. 'होठों में ऐसी बात'ला मात्र त्याच पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि आजींनी टाळ्या.

कोल्हापूरकर
माझा अनुभव जरा वेगळा. जून २०२४ मध्ये दूध सहकारावरचा 'मंथन' नव्याने लागला तेव्हा मी पुण्यात होतो, वडलांना गावाकडून बोलावून घेतलं. ते आयुष्यभर दूध संस्थेत. सुरुवातीलाच पाटी येते की हा चित्रपट गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. प्रत्येकी दोन रुपये काढले होते त्यांनी. वडील म्हणाले, "म्हंजे दहा लाख. बरोबर हाय." नंतर दुधाचा फॅट तपासायचा प्रसंग आला तसे ते पुढे सरकून बसले. "आता हा डेअरीवाला मिश्रा फॅट मारतोय बघ, कमी दाखवतोय." काटा कसा मारतात, नमुना कसा घेतात, सगळी कॉमेंट्री चालू. मी गप्प करायला गेलो तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बोलू द्या हो त्यांना." पटकथा विजय तेंडुलकरांची आहे हे बाहेर आल्यावर सांगितलं. "तरीच," म्हणाले.

एक जुना प्रोजेक्शनवाला
एक तक्रार. आमच्याकडच्या शोला लोक उठून मॅनेजरकडे गेले : पडदा पूर्ण भरत नाही, दोन्ही बाजूंना काळे पट्टे का? अहो, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची चौकट जवळपास चौकोनीच असायची, रुंदी १.३७ तर उंची १. पडदा भरायचा तर वरून डोकी कापावी लागतील. मॅनेजर बिचारा ताणून दाखवायला निघाला होता, मी अडवलं. श्रेयनामावली चालू असताना दिवे लावणाऱ्यांना काय करावं ते मात्र मला कळत नाही.

लॉ कॉलेज रोड
सगळे इतके हरखलेत, पण पुण्यात नॅशनल फिल्म अर्काइव्हने (स्थापना १९६४) हे वर्षानुवर्षं केलं आहे, गाजावाजा न करता. डिजिटल प्रत स्वच्छ असते, मान्य. पण रीळ संपत आलं की उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि दुसरं यंत्र सुरू व्हायचं, तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना ही स्वच्छता जरा गुळगुळीत वाटते. मला वाटते.

मिलानहून
इटलीतल्या बोलोन्याचा 'इल चिनेमा रित्रोवातो' महोत्सव दरवर्षी उन्हाळ्यात, जुन्या चित्रपटांचाच. २७ जून २०२५ ला मुख्य चौकात, उघड्यावर, 'शोले'. मूळ शेवटासह : ठाकूर गब्बरला ठार मारतो, जो आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता. आम्ही काही मराठी मंडळी घरून डबे घेऊन गेलो. असरानीच्या जेलरला इटालियन लोक आमच्याआधी हसले, त्यातली चॅप्लिनची नक्कल लगेच ओळखली त्यांनी. संपायला मध्यरात्र उलटली. शेवट बघून नागपूरचा मित्र म्हणाला, "आपण बघत आलो तो जुनाच बरा होता राव." त्यावर परतीच्या गाडीत जोरदार भांडण झालं.

सोलापूर
चाळीस शहरं म्हणता, आमच्याकडे यातलं काही आलेलं मी तरी पाहिलं नाही. राज कपूरच्या 'संगम'ला दोन मध्यंतरं असतात असं काका सांगतात. कोणी पाहिला असेल तर सांगा, दोन्ही मध्यंतरं दिली का, की एकच देऊन उरकलं?