ठाण्यातली हरवलेली शिळा: वीरगळ की गधेगळ?

प्रश्न: तलावाकाठची लेख असलेली शिळा रस्तारुंदीनंतर दिसत नाही. जुन्या फोटोत वर चंद्र-सूर्य, खाली झिजलेल्या ओळी. वीरगळच ना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक?

उत्तर: चंद्र-सूर्य वीरगळ आणि गधेगळ दोन्हींवर असतात, तळ बघा. गाढव आणि स्त्री असेल तर गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप, स्मारक नव्हे. वीरगळीचे कप्पे खालून वर वाचायचे: लढाई, स्वर्गारोहण, शिवपूजा.

प्रश्नकर्ता: फोटोत तळ मातीत आहे हो.

दुसरं उत्तर: मग घाई नको. शिळा सापडली तर कृपा करून अक्षरांत खडू भरू नका, चुकीची रेघ पुढे 'वाचन' होऊन बसते. शेंदूरही खरवडू नका, पापुद्र्याबरोबर अक्षर जातं. रात्री टॉर्च शिळेलगत आडवा धरून चारही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. आधी 'शक' हा शब्द आणि त्याचा वर्षाचा आकडा शोधा. त्यात ७८ मिळवले की इसवी सन, पौषापासून पुढे बहुधा ७९.