बचत गटातर्फे औषधाच्या मच्छरदाण्या घ्यायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात आमचा महिला बचत गट आहे, हिशेबाची वही माझ्याकडे असते. आमच्याकडे भाड्याच्या खोल्या भरपूर, एकेका खोलीत बांधकामावरची चार-पाच पोरं. पावसाळ्यात आमच्या आळीत मलेरियाचे बरेच पेशंट निघाले. म्हणून बैठकीत ठरलं की औषध लावलेल्या मच्छरदाण्या एकगठ्ठा घ्यायच्या, पैसे आधी गटाने भरायचे आणि दर महिन्याच्या बचतीबरोबर हप्ता वसूल करायचा. भाडेकरूंनाही द्यायच्या. त्यांच्यातल्या तापकऱ्याला चावलेला डास भिंतीपलीकडे आमच्याकडेच येणार ना!

आता अडलंय ते असं. एका दुकानदाराने 'मेडिकेटेड' म्हणून दाखवली, पण पिशवीवर औषधाचं नावच नाही. दुसरा म्हणतो, साधी घ्या, मी डेल्टामेथ्रिन या डास मारणाऱ्या औषधात बुडवून देतो. गटातल्या एकीचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं. तिकडे सरकार अशा मच्छरदाण्या फुकट वाटतं, त्यामुळे 'विकत कशाला' हा तिचा प्रश्न दर बैठकीत असतोच.

खोल्या दहा बाय दहाच्या, वर पोटमाळा. खिळे ठोकायला घरमालक तयार नाहीत (त्यातले दोन आमच्याच सदस्यांचे नवरे!). शिवाय रबाळे एमआयडीसीत रात्रपाळी करणारे दिवसा झोपतात, त्यांना उपयोग होईल का?

आणि सासूबाईंचा प्रश्न: मच्छरदाणी जुनी झाली की जवळा (बारीक कोलीम) सुकवताना वर घालता येईल का?

प्रतिसाद १

ताई, सासूबाईंना आधी थांबवा. औषध धाग्यात असतं, खायच्या वस्तूवर ती जाळी नकोच. मासे धरायलाही नको, आणि धुतलेलं पाणी खाडीत किंवा तलावात ओतू नका. हे औषध माशांना घातक आहे.

पिशवीवर औषधाचं नाव आणि प्रमाण नसेल तर ती घेऊ नका. 'दीर्घकाळ टिकणारी कीटकनाशकयुक्त' असा प्रकार मागा. तिच्यात कारखान्यातच डेल्टामेथ्रिन, आल्फा-सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ती साधारण २० धुण्या आणि ३ वर्षं काम देते. बुडवून दिलेली दर सहा महिन्यांनी पुन्हा बुडवावी लागते, ते कोण करत बसणार? नवी असताना एक दिवस सावलीत पसरून ठेवा. धुताना साधा साबण, ब्लीच नको, वाळवायचीही सावलीतच. कडक उन्हात औषध उतरतं.

खिळ्यांचं म्हणाल तर खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधा. झोपेत हात-पाय जाळीला टेकले तरी औषधामुळे बराच बचाव होतो, साध्या मच्छरदाणीतून डास बाहेरूनच चावतो.

प्रतिसाद २

शहरात नुसत्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवू नका. आपल्याकडचा मलेरियाचा डास, अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी, स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरची उघडी टाकी, इमारतीच्या कामावर साठवलेलं पाणी, स्लॅबवर क्युरिंगसाठी (सिमेंट मुरायला) केलेली पाण्याची तळी. म्हणूनच शहरात सरकारचा भर अळ्या मारण्यावर असतो. हा डास संध्याकाळपासूनच चावू लागतो, म्हणजे तुम्ही ओट्यावर गप्पा मारत असता तेव्हा जाळी घडी करून ठेवलेली असते! रात्रपाळीवाल्यांना मलेरियापेक्षा डेंग्यूसाठी जास्त उपयोग, तो डास दिवसा चावतो.

आणखी एक. ताप आला की महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, तपासणी आणि गोळ्या फुकट असतात. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर प्रिमाक्विन गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स असतो. ताप उतरला की पोरं मध्येच सोडतात आणि काही महिन्यांनी तोच मलेरिया यकृतातून पुन्हा डोकं वर काढतो. (गरोदर बाईला ही गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगा.)

धागाकर्ती

दोघांचे आभार! जवळ्याचं सासूबाईंना सांगितलं, फुरंगटल्या आहेत. टाक्यांच्या झाकणांचा विषय पुढच्या बैठकीत घेते.

आता हप्त्याचं सांगा कुणीतरी. सदस्यांकडून वसुली होईल, पण पोरं काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात. मला वाटतं, त्यांचे पैसे ठेकेदाराकडूनच आधी घ्यावेत आणि मच्छरदाणी पोराच्या नावावर द्यावी. गटातल्या काहींचं म्हणणं, मच्छरदाणी खोलीचीच राहू दे, पुढच्या भाडेकरूला होईल. असं कुणी केलंय का? हरवली-फाटली तर भरपाई कुणाकडून घेतलीत?