प्रागने, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने, स्लोव्हाकांना दिलेला स्वायत्ततेचा शब्द पाळला असता तर ह्लिंकांचा स्लोव्हाक पक्ष इतका बिघडला असता का?

वाचनवेडा:
माझं मत, नसता बिघडला. आंद्रेय ह्लिंका म्हणजे स्लोव्हाक कॅथलिक पाद्री, १९१३ ला पक्ष काढला तेव्हा राज्य हंगेरीचं, आणि त्याच्या आधी १९०७ ला चेर्नोव्हा या त्यांच्या गावात काय झालं तर गावकरी म्हणाले चर्च ह्लिंकांनी उभं केलंय, त्यांच्याशिवाय उद्घाटन नको, तर पोलिसांनी गोळ्या घातल्या, १५ माणसं गेली. असल्या लोकांना १९१८ च्या पिट्सबर्ग करारात चेकोस्लोव्हाकियाचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मासारिकनी सही करून सांगितलं की तुमची वेगळी विधानसभा, तुमची कोर्टं, आणि मग वीस वर्षं टोलवाटोलवी! वर नोकऱ्यांत चेक बाबू. चिडणार नाहीत तर काय?

अनघा_कोल्हापूर:
टोलवाटोलवी झाली हे मान्य, पण १९२७ ते २९ हाच पक्ष प्रागच्या सरकारात होता की, मंत्रिपदं होती. बाहेर कशावरून पडले? पक्षाच्याच व्होइतेख तुका या नेत्याला देशद्रोहात १५ वर्षांची शिक्षा झाली म्हणून. आपल्या माणसावर देशद्रोह सिद्ध झाला तर पक्षाने त्याला बाजूला करायचं, इथे उलट त्याच्यासाठी सत्ता सोडली. दिशा तेव्हाच ठरली.

वाचनवेडा:
अहो पण शेवटचा धक्का हिटलरचाच ना. मार्च १९३९ ला ह्लिंकांनंतरचा पक्षाचा नेता तिसो, त्याला बर्लिनला बोलावून सांगितलं, वेगळे व्हा नाहीतर हंगेरीच्या तोंडी जाल. दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला स्वतंत्र देश जाहीर. लहान देशाने करायचं काय?

रानवारा:
तारखा नीट लावून बघा. म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला गेला, त्यानंतर ऑक्टोबर १९३८ लाच स्लोव्हाकियाला स्वायत्तता मिळाली होती, म्हणजे ज्यासाठी वीस वर्षं भांडले ते हातात आलं. मग काय केलं तर बाकीचे पक्ष गिळले नाहीतर बंद केले, डिसेंबरला एकाच यादीवर निवडणूक घेतली, आणि नोव्हेंबरमधे, म्हणजे बर्लिनच्या त्या बोलावण्याआधी चार महिने, हजारो ज्यूंना ट्रकमधे भरून हंगेरीच्या सीमेवर थंडीत सोडून दिलं. यात प्रागचा करार कुठे आला?

अनघा_कोल्हापूर:
आणि १९४२ ला तर सुमारे ५८ हजार ज्यू जर्मनांच्या ताब्यात दिले, वर माणशी ५०० मार्क सरकारनेच जर्मनीला मोजले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता तिसो, तोही पाद्रीच, आणि पक्षात तो मवाळ गटाचा समजला जायचा.

वाचनवेडा:
५८ हजारांचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण सगळे स्लोव्हाक त्यात धरू नका, ऑगस्ट १९४४ ला याच सरकारविरुद्ध आणि जर्मनांविरुद्ध हजारो स्लोव्हाक बंदुका घेऊन उठले होते.

रानवारा:
स्लोव्हाकांबद्दल बोलतच नाहीये, पक्षाबद्दल बोलतोय. अन्याय तर उठाव करणाऱ्यांनीही सोसलेलाच होता.